पतंगशहा उर्फ

मुलांची नावं सुचवणाऱ्या पुस्तकांत 'प'चं पान नेहमीच गजबजलेलं असतं. पंकज, पराग, परेश, पवन, पीयूष, प्रणव, प्रथमेश. या गर्दीत 'पतंग' शोधायला गेलात तर बहुधा रिकाम्या हातानं परताल, आणि 'पतंगशहा' तर विसराच. पुस्तकवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बारशाला पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात 'पतंग' असं कुर्र करायचं म्हटलं तर आत्यालाच आधी हसू फुटेल. पतंग म्हटला की तो एक तर कटतो किंवा दिव्यावर झेपावून जळतो. मराठीत या शब्दाचा शेवट काही चांगला होत नाही. तरीही सह्याद्रीच्या एका डोंगरी मुलखात एका घराण्यानं हे नाव पाच वेळा गादीवर बसवलं. तो मुलूख जव्हारचा आणि ते घराणं मुकण्यांचं, महादेव कोळ्यांचं.

त्र्यंबकहून तोरंगणचा घाट उतरून, मोखाडा मागे टाकून जव्हारला पोचलं की हे नाव लगेच भेटतं, पण माणसाचं नाव म्हणून नव्हे. पतंगशहा कुटीर रुग्णालय म्हणजे इथला सरकारी दवाखाना. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला ही पाटी वाचून हमखास वाटतं, की पतंग शहा हे कोणी दानशूर गुजराती व्यापारी असणार. त्याचंही फारसं चुकत नाही. गुजरातची सीमा इथून लांब नाही, आणि 'शहा' म्हटल्यावर शहरातल्या माणसाला दुकान आठवतं, सिंहासन नाही. खरं तर हे दोन शहा वेगवेगळे. व्यापाऱ्याचा शहा 'साधू', 'साह' असा घासत घासत आलेला, तर राजाचा शहा थेट फारसीतून, दिल्लीच्या शिक्क्यासकट आलेला. वाटा निराळ्या, पण मुक्कामाला पोचेपर्यंत दोघांची अक्षरं सारखी झाली. मोखाडा, विक्रमगड, जव्हारच्या पाड्यांवरून येणाऱ्या आजारी माणसाला यातला कुठलाच शहा नको असतो, त्याला केसपेपर हवा असतो. कितवा पतंगशहा, असा प्रश्न त्या रांगेत कोणी विचारत नाही.

हा शहा आला कसा, त्याची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. घराण्याचा मूळपुरुष जयबा मुकणे. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये तो 'पौपेरा' या नावानंही येतो. थळ घाटाजवळच्या मुकणे गावी त्याची मातीची गढी होती. पिंपरीच्या देवस्थानात त्याला तू जव्हारचा राजा होशील असा आशीर्वाद मिळाला, म्हणून तो माणसं जमवून उत्तरेकडे निघाला. पेठ, धरमपूर करत काठेवाडापर्यंत गेला, सात वर्षं तिकडे राहिला आणि परत येऊन जव्हारच्या वारली सरदाराकडे त्यानं मागणं मागितलं, बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन द्या. सरदार हो म्हणाला. मग जयबानं त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडत नेल्या, आणि सरदाराची गढीच त्या वेढ्यात आली. हीच युक्ती व्हर्जिलच्या महाकाव्यात कार्थेजच्या डायडो राणीनं केलेली आहे. राज्य बळानं घेतलं असं म्हणण्यापेक्षा अकलेनं घेतलं म्हणणं बरं दिसतं, हे भूमध्य समुद्रावरच्या भाटांना कळत होतं तसं सह्याद्रीतल्या भाटांनाही कळत असावं. या गोष्टीत मला सलतं ते निराळंच. कातड्याच्या वाद्या कापणाऱ्याची दोन-दोन नावं आपल्याला ठाऊक आहेत, आणि ज्याची जमीन गेली त्याला गॅझेटियर नुसतं 'वारली सरदार' म्हणतं. त्याला गंभीरगड आणि भोवतालचा मुलूख देऊन वाटेला लावलं, एवढंच. गड मिळाला, नाव काही मिळालं नाही.

जयबाचा मुलगा धुळबाराव, आणि तोच पुढे नेमशहा. ही तीन नावं एकाखाली एक लिहून बघावीत. जयबा हे गावातलं नाव. विठोबा, खंडोबा, धुळोबा यांच्या पंगतीत बसणारा, बापाला आणि देवाला सारखाच लागणारा तो 'बा'. मुलाच्या वेळी 'बा'ला 'राव' जोडला गेला. त्याच मुलाच्या गादीवरच्या नावात 'बा' गेला, 'राव' गेला आणि 'शहा' आला. दोनच पिढ्यांत घर गढीवरून गादीवर कसं पोचलं, हे सांगायला दुसऱ्या कागदाची गरज नाही. पण कागदही आहे. दिल्लीच्या सुलतानानं, म्हणजे महंमद तुघलकानं, नेमशहाला राजा मानलं ती तारीख घराण्यानं जपून ठेवली, ५ जून १३४३. नुसती जपली नाही, त्या दिवसापासून संस्थानाचा स्वतःचा शक सुरू झाला, आणि गॅझेटियर छापलं गेलं तेव्हाही तो सरकारी कागदांवर चालू होता. गंमत अशी, की हा किताब देणाऱ्या तुघलकाच्या हातून दख्खन त्यानंतर चारच वर्षांत गेलं. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं. देणाऱ्याचा हुकूम चार वर्षांत संपला, घेणाऱ्यानं मात्र त्याच्या जोरावर १९४८ पर्यंत, म्हणजे सहाशे वर्षांहून अधिक काळ, दिवस मोजले.

नावामागे शहा लावणारे जव्हारकर एकटे नव्हेत. चांद्याचे गोंड राजे बल्लाळशहा, बीरशहा, नीलकंठशहा. गढा-मंडल्याचे संग्रामशहा, आणि दुर्गावतीचा नवरा दलपतशहा. देवगडचा बख्त बुलंद शहा. नकाशावर पाहिलं तर सह्याद्रीच्या जव्हारपासून सातपुड्यापलीकडच्या मंडल्यापर्यंत, जंगलात राज्य करणाऱ्या आदिवासी घराण्यांनी हा फारसी शब्द आपल्या देशी नावांना जोडून घेतलेला दिसतो. मैदानातले सुलतान, मोगल आपल्याला कोणत्या शब्दानं ओळखतील, याचा हा हिशेब होता. वेरूळच्या भोसल्यांच्या घरातही तो शब्द आला, पण तिथे शाह शरीफ या पिराच्या नवसानं, आणि 'जी' लागून तो अगदी घरातला झाला, शहाजी. जव्हारला शहा घरातला झाला नाही. तो गादीपाशीच राहिला.

आता पतंग. संस्कृतात पतंग म्हणजे उडत जाणारा. त्यात पक्षी आला, टोळ आला, गीतेच्या अकराव्या अध्यायात ज्वाळेत शिरणारा किडा आला, आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून रोज आभाळ ओलांडणारा सूर्यही आला. लाल रंग देणाऱ्या एका झाडालाही पतंग म्हणतात. संक्रांतीला उडतो तो कागदाचा पतंग या मंडळीत सगळ्यांत धाकटा. मला विचाराल तर राजाच्या नावातला पतंग सूर्यच असला पाहिजे. किड्याचं नाव लावून कोणी गादीवर बसत नाही. शिवाय याच घराण्यात शेवटच्या पतंगशहाच्या वडिलांचं जन्मनाव मार्तंडराव होतं, आणि मार्तंड म्हणजेही सूर्य. अर्थात मराठी माणसाला मार्तंड म्हटलं की आधी जेजुरी दिसते, सूर्य नंतर. पण बाप मार्तंड आणि लेक पतंग, हा योग मला तरी आवडला.

तरीही या घराण्याचा इतिहास वाचताना तो दुसरा, दिव्यावरचा पतंग डोळ्यांपुढून हलत नाही. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम जव्हारजवळ पडला. विक्रमशहा भेटीला गेला, महाराजांना मानाचा शिरपेच अर्पण झाला, आणि त्या माळाला शिरपामाळ म्हणू लागले. आज तिथे स्मारक आहे, सहली जातात, फोटो काढतात. पण आठ वर्षांनी, १६७२ च्या जूनमध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी याच विक्रमशहाकडून जव्हार घेतलं आणि सतरा लाखांचा खजिना नेला, त्याची पाटी मी कुठे पाहिली नाही. या विक्रमशहानंतर जो आला तो पहिला पतंगशहा. पुढे पेशव्यांनी मुलूख खरवडत आणला. १७८२ मध्ये राजाकडे वर्षाला पंधरा-वीस हजारांचं उत्पन्न उरलं होतं. मग इंग्रज आले, त्यांनी नऊ तोफांची सलामी दिली आणि सागाचं जंगल मोजलं. सुरत, पुणे, मुंबई असे मोठे दिवे चहूबाजूंनी पेटलेले असताना हे छोटं संस्थान जळून गेलं नाही, हेच नवल.

जव्हारच्या गादीवर नावं फार नव्हती. नेमशहा, कृष्णशहा, विक्रमशहा, पतंगशहा, बहुतेक हीच आलटून पालटून येत राहिली. आजोबाचं नाव नातवाला द्यायची रीत आपल्या साऱ्याच घरांत होती, आणि सासऱ्याचं नाव तोंडी घ्यायचं नाही म्हणून सून त्या पोराला बाळ्या, नान्या काहीही म्हणायची. राजघराण्यात उलटं होतं. पोराला जन्मनाव वेगळं असायचं आणि गादीवर बसला की ठेवणीतलं नाव त्याच्या अंगावर चढायचं. मार्तंडराव विक्रमशहा झाले. १९१७ मध्ये जन्मलेले त्यांचे चिरंजीव यशवंतराव, वडील १९२७ मध्ये गेले तेव्हा दहाच वर्षांचे होते, ते पाचवे पतंगशहा झाले.

हे नीट कळायला जव्हार-मोखाड्याचा बोहाडा पाहिला पाहिजे. उन्हाळ्याच्या तोंडाशी रात्र रात्र चालणारा हा मुखवट्यांचा उत्सव. संबळ आणि पिपाणी वाजते, टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग नाचत येतं. गणपती, सरस्वती, मारुती, त्राटिका, नृसिंह, रावण, आणि शेवटी जगदंबा. मुखवटे जव्हारजवळच्या रामखिंडीत कागदाच्या लगद्याचे होतात. कुठल्या घरानं कुठलं सोंग घ्यायचं ते पुष्कळ गावांत ठरलेलं असतं. बाप रावण नाचायचा म्हणून मुलगा रावण नाचतो. सोंग अंगात असेपर्यंत त्या माणसाला त्याच्या नावानं कोणी हाक मारत नाही, सोंगाचं नावच त्याचं नाव. सकाळी मुखवटा उतरला की तो पुन्हा नांगरामागे. पतंगशहा हे मुकण्यांच्या घरातलं असं वंशपरंपरेचं सोंग होतं. फरक इतकाच, की त्यांची रात्र मोठी होती.

आणि ती रात्र संपल्यावर लोकांनी कुठलं नाव ठेवलं पाहा. पाचव्या पतंगशहांना मुलखात कोणी पतंगशहा म्हणत नाही, यशवंतराव महाराज म्हणतात. संस्थान विलीन झालं, महाराज पुढे लोकसभेवर निवडून गेले. मतपत्रिकेवर पतंगशहाला जागा नव्हती, तिथे यशवंतराव मुकणेच उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हवाई दलाचा गणवेश चढवला होता. पाच पतंगशहांपैकी हवेशी संबंध आलेला हा एकच, पण तिथेही नावाच्या पाटीवर पतंग नसणार. जन्मनाव माणसाला परत मिळालं, आणि गादीचं नाव मोकळं झालं ते दवाखान्याला लागलं. विक्रमशहाचं त्याआधीच गावाला लागलं होतं. आजच्या विक्रमगड तालुक्याचं गाव पूर्वी कुडाण होतं.

मोखाडा हा त्या काळी शहापूर तालुक्याचा पेटा, म्हणजे इंग्रजी मुलूख. जव्हारचा शक तिकडच्या कागदांवर चालत नव्हता. पण नावांचं म्हणाल तर हद्दीच्या दोन्ही बाजूंना वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या घरांत एकाच प्रकारची नावं होती, आणि त्यांना ना दिल्ली लागली ना गादी. पोर सोमवारी झालं तर सोम्या, मंगळवारी मंगळ्या, बुधवारी बुध्या. चैत्रात झालं तर चैत्या, दिवाळीत दिवाळ्या, होळीच्या सुमारास शिमग्या. नवसाचा तो नवसू, शेंडेफळ धाकल्या, लाडाचा लाडक्या. मुलींच्या सोमी, मंगळी, बुधी. शहरातल्या कानाला शेवटचा 'या' तुसडा वाटतो, गड्याला मारलेल्या हाकेसारखा. इथे तो तसा नाही. म्हाताऱ्या आजोबांनाही त्याच 'या'नं हाक जाते आणि त्यात मान कमी होत नाही. मला या नावांचं फार अप्रूप वाटतं. पत्रिका मांडायला जोशी नको, पंचांग नको. माणूस स्वतःच्या नावातच आपला जन्मवार बाळगतो.

यातल्या एका 'या'नं जगभर प्रवास केला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे. आई गेल्यावर लहानपणी हे पोर बोलेनासं झालं आणि धुळीत चित्रं काढून सांगायला लागलं, असं त्यांच्याविषयी सांगतात. वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आली त्यात त्यांचा वाटा सगळ्यांत मोठा. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. परदेशातल्या कलादालनांतही त्यांचं नाव 'जिव्या' असंच लागलं, कोणी त्याचा जीवनराव केला नाही. जिव्या म्हणजे जीव धरून राहिलेला, जगलेला. ज्या घरात पोरं दगावतात तिथे दगडू, धोंडू, भिकू अशी नावं ठेवून मृत्यूची नजर चुकवण्याची रीत महाराष्ट्रभर होती. जिव्या हे नाव नजर चुकवत नाही, समोर उभं राहून सांगतं. आणि हे ज्या मुलखातलं नाव, त्याच मुलखातल्या वावर-वांगणीत १९९२ मध्ये कुपोषणानं एकामागून एक बालकं गेली, तेव्हा कुठे मुंबईच्या वर्तमानपत्रांना जव्हार तालुका नकाशावर सापडला.

चैत्या, मंगळ्या, शिमग्या आता कमी होत चाललेत. याला एक कारण शाळा. पहिलीत नाव घालताना मास्तरांना 'मंगळ्या' बरं वाटेना, त्यांनी 'मंगेश' लिहिलं. लक्ष्याचा लक्ष्मण झाला, काळ्याचा काळूराम. मास्तरांच्या मनात वाईट काही नव्हतं, पोराला पुढे कोणी हसू नये एवढंच. पण घरात लक्ष्या, रेशनकार्डावर लखमा, शाळेच्या दाखल्यावर लक्ष्मण आणि आधारकार्डावर संगणकाला जे उमटलं ते, अशी चार माणसं एका धोतरात राहू लागली. तोवर त्याचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते वनहक्काचा कायदा आल्यावर. २००६ च्या या कायद्यानं, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी जी वनजमीन कसतो तिच्यावर त्याचा हक्क मानला. मग पुरावे शोधणं आलं. वनखात्यानं अतिक्रमण म्हणून आजोबाला केलेल्या दंडाची पावती, जी घरात लाजेनं पेटीच्या तळाशी ठेवलेली, तीच आता सोन्याची झाली. पण तिच्यावर लिहिलंय 'लक्ष्या', आणि दावा करणाऱ्याच्या दाखल्यावर आजोबा 'लक्ष्मण'. मग तहसीलच्या बाहेर टंकलेखकाकडे बसून प्रतिज्ञापत्र करायचं, की लक्ष्मण उर्फ लक्ष्या ही एकच व्यक्ती आहे.

हा 'उर्फ' मला जव्हारच्या सगळ्या इतिहासात सगळ्यांत बोलका वाटतो. यशवंतराव उर्फ पतंगशहा असं लिहिलं की नावाला उंची येते. एका माणसाची दोन नावं, एक घरचं, एक गादीचं, आणि ती एकाच माणसाची हे कोणी कधी पटवून मागितलं नाही. लक्ष्मण उर्फ लक्ष्या असं लिहिलं की मुद्रांकाचे पैसे पडतात, दोन साक्षीदार आणावे लागतात आणि मोखाड्याहून एक दिवसाची मजुरी बुडवून यावं लागतं. राजाला वरचं नाव दिल्लीनं दिलं, याला मास्तरांनी. दोघांनीही मागितलेलं नव्हतं असं म्हणता येणार नाही, नेमशहानं बहुधा मागितलं असावं. लक्ष्यानं नक्की नाही.

आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. पाड्यावरून १०८ नंबरची गाडी येते आणि बाई जव्हारला येते. मूल जन्मतं तेव्हा त्याला नाव नसतं. मनगटावरच्या पट्टीवर अमकीचं बाळ एवढंच असतं, म्हणजे आयुष्याचे पहिले काही दिवस इथलं प्रत्येक मूल आईच्या नावानं ओळखलं जातं, ही एक बरी गोष्ट त्या घाईत घडून जाते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नावाशिवायही जन्माची नोंद होते. नाव वर्षभरात फुकट घालता येतं, आणि नंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तोवर दाखल्यावर नावाचा रकाना कोरा, पण जन्मस्थानाचा भरलेला असतो, पतंगशहा कुटीर रुग्णालय, जव्हार. पाच राजांनी मिळून हे नाव पाच वेळा वापरलं, आता ते इथल्या लेकरांच्या दाखल्यांवर रोज उमटतं आहे. ती लेकरं पुढे आरव, कार्तिक, साई, समर्थ होतात. मंगळवारी जन्मलेलाही आरवच होतो.

एखाद्या हौशी बापानं मनावर घेतलंच आणि त्या कोऱ्या रकान्यात 'पतंगशहा' भरून अर्ज खिडकीतून आत सरकवला, तर कारकून चष्म्यावरून बघेल आणि अर्ज परत करत म्हणेल, "अहो, दवाखान्याचं नाव खालच्या रकान्यात लिहायचं. इथं पोराचं लिहा."